सुट्टीवर आला आणि घर बांधून गेला

आधी एक वस्तू डोळ्यांसमोर आणा. छतापासून खाली लोंबणारं एक सोनेरी झुंबर. एकाखाली एक गोल तबकड्या, त्यांच्यामधून उतरणाऱ्या बारीक केबल्स आणि सगळ्यात खाली नखाएवढी एक चिप. काम सुरू करायची वेळ आली की हे अख्खं झुंबर धातूच्या डब्यांत बंद होतं आणि थंड व्हायला लागतं. वरची तबकडी कमी थंड, खालची त्याहून थंड. अगदी तळाशी जे तापमान उरतं ते निरपेक्ष शून्यापेक्षा फक्त एका अंशाच्या शंभराव्या भागाने जास्त असतं. अंतराळातली पोकळीसुद्धा याच्या अडीचशे पटीहून जास्त गरम आहे.

मग वरून त्या चिपवर मायक्रोवेव्ह लहरींचे छोटे छोटे झटके सोडतात. तुमच्या हॉस्टेलचा वायफाय राउटर ज्या लहरी सोडतो ना, साधारण त्याच जातीच्या. फरक इतकाच, की इथे त्या कमालीच्या मंद असतात आणि एकेक झटका सेकंदाच्या कोटीव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो.

हे कुठे अमेरिकेत नाही, कुलाब्यात चालतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये इथे बनलेल्या सहा क्यूबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याची बातमी आली होती. क्यूबिटचं डिझाइन आणि चिप टीआयएफआरची, तिला हाताळणारी इलेक्ट्रॉनिक्सची यंत्रणा जुळवली पुण्याच्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने, आणि बाहेरून प्रोग्रॅम पाठवायची सोय केली टीसीएसने. बातमी आली, आपण स्क्रोल केली, संपलं.

आजची गोष्ट त्या चिपपेक्षा ती ज्या घरात आहे त्या घराची आहे. ते घर बांधलं होमी भाभांनी. रॉकेट बॉइज पाहिली असेल तर आता तुमच्या डोळ्यांसमोर जिम सर्भ आला असेल. येऊ दे. पण सिरीजला बॉम्ब लागतो, हेर लागतात. आपल्याला आज भाभांची एक वेगळीच बाजू बघायची आहे. ती चिप, ती जंक्शन्स, त्यावर पडणाऱ्या मायक्रोवेव्ह यातलं काहीही भाभांच्या अभ्यासाचा विषय नव्हतं. तरीही ते सगळं आज त्यांच्या घरात सुखाने नांदतंय. हे कसं काय जमलं?

भिंतीतून जाणाऱ्या जोड्या

त्याआधी चिपवर नेमकं काय होतं ते दोन मिनिटांत समजून घेऊ. घाबरू नका, गणित नाही.

काही धातू खूप थंड केले की विजेला होणारा त्यांचा विरोध नुसता कमी होत नाही, संपूनच जातो. याला अतिवाहकता म्हणतात. १९११ मध्ये हॉलंडमधल्या लायडन इथे पाऱ्यात ती पहिल्यांदा दिसली. ज्या ॲल्युमिनियमची आपल्याकडे पातेली होतात, तो धातूही १.२ केल्विनच्या खाली अतिवाहक होतो.

आता अशा ॲल्युमिनियमच्या दोन तुकड्यांमध्ये त्याच्याच ऑक्साइडचा एक पापुद्रा ठेवा, एखाद-दोन नॅनोमीटर जाडीचा. ऑक्साइडमधून वीज वाहत नाही, म्हणजे मध्ये भिंतच झाली. तरीही इलेक्ट्रॉनच्या जोड्या त्या भिंतीतून पलीकडे जातात, आणि तेसुद्धा बॅटरीचा जोर न लावता! या सांध्याला जोसेफसन जंक्शन म्हणतात. आणि जोर लावला, म्हणजे व्होल्टेज दिलं, तर आणखी गंमत. प्रवाह सरळ वाहायचं सोडून मागे-पुढे झुलायला लागतो. एका मिलिव्होल्टला सेकंदात तब्बल ४८ हजार कोटींहून जास्त वेळा.

आता त्यावर बाहेरून मायक्रोवेव्ह सोडा. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळलाय ना? ढोलाचा ठोका पडला की प्रत्येकाची पावलं त्या ठोक्याला बांधली जातात. एका ठोक्याला एक पाऊल, नाहीतर दोन, नाहीतर तीन. अडीच कधीच नाही. जंक्शनमधला झुलणारा प्रवाहही तसाच मायक्रोवेव्हच्या ठोक्याला बांधला जातो. त्यामुळे व्होल्टेज घसरगुंडीसारखं सलग वाढत नाही, जिन्यासारखं पायरी-पायरीने वाढतं. लहरींची वारंवारता १० गिगाहर्ट्झ असेल तर प्रत्येक पायरी साधारण २० मायक्रोव्होल्टची. धातू कुठला, जंक्शन कुणी बनवलं, याने त्या उंचीत काहीच फरक पडत नाही. ती ठरते फक्त लहरींच्या वारंवारतेवर आणि निसर्गाच्या दोन स्थिरांकांवर. म्हणून तर आज जगभर एक व्होल्ट म्हणजे नेमका किती, हे अशाच जंक्शनवर मायक्रोवेव्ह सोडून ठरवतात.

क्वांटम कॉम्प्युटरमध्ये हेच जंक्शन वेगळ्या कामाला लावलेलं असतं. तिथल्या सर्किटला ऊर्जेच्या ठरावीक पातळ्या असतात. खालची म्हणजे ०, वरची म्हणजे १. बरोबर वारंवारतेचा मायक्रोवेव्ह झटका दिला की सर्किट ० वरून १ वर जातं, आणि अर्धाच झटका दिला तर दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहतं. पण इथेच धोका आहे. कोणतीही कोमट वस्तू स्वतःहून मायक्रोवेव्ह सोडत असते. अशी एखादी भरकटलेली लहर चिपवर आली की मांडलेला सगळा हिशेब विस्कटतो. म्हणून ते झुंबर, म्हणून ते डबे, म्हणून ती भयानक थंडी. लहर हवी, पण आपण पाठवलेलीच हवी.

इतकं पुरे. आता माणसाकडे वळू.

बाप-लेकाचा सौदा

होमी जहांगीर भाभा. जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. वडील जहांगीर बॅरिस्टर, आई मेहेरबाई. वडिलांची बहीण, म्हणजे होमीची आत्या, सर दोराबजी टाटांची पत्नी. घरात पुस्तकांची कपाटं, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड, भिंतीवर चित्रं. कॅथेड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज, मग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. सगळं दक्षिण मुंबईत, चालत जाण्याच्या अंतरावर. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे याचा हिशेब करायचाय.

१९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेला, गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात, मेकॅनिकल इंजिनीअरिंगला. घरच्यांचा प्लॅन अगदी क्लिअर होता. पोराने इंजिनीअर होऊन यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या पदावर बसायचं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असाच प्लॅन असेल. कारखाना वेगळा, इतकंच.

प्रॉब्लेम असा झाला, की होमी केंब्रिजला गेला तेव्हा फिजिक्स पेटलेलं होतं. क्वांटमची नवी मांडणी नुकतीच झाली होती आणि तिच्यातला एक मोठा माणूस, पॉल डिरॅक, त्याच गावात होता. एका वर्षात होमीला कळलं, की आपल्याला कारखान्यात रस नाही. १९२८ मध्ये त्याने वडिलांना पत्र लिहिलं. धंदा किंवा नोकरी आपल्या स्वभावाला मानवणारी नाही, फिजिक्स हाच आपला रस्ता आहे आणि आपल्याला तो धरू द्या, असा त्या पत्राचा सूर होता. वय होतं १८.

वडील भडकले नाहीत आणि विरघळलेही नाहीत. त्यांनी सौदा केला. आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग पुढची दोन वर्षं गणित शिकायचा खर्च मी करतो. होमीने मान्य केलं. जे आवडत नव्हतं ते सोडून न देता नीट पूर्ण केलं. जून १९३० मध्ये तो मेकॅनिकलच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आला आणि दोन वर्षांनी गणितातही.

इथे एक क्षण थांबा. मी हे चिरनेरमध्ये बसून लिहितेय आणि आमच्याकडे १९३० म्हटलं की दुसरंच काहीतरी आठवतं. होमीचा निकाल लागला त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९३० ला, इथल्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. आपल्याच रानातलं लाकूड-गवत घ्यायचा हक्क मागणाऱ्या माणसांवर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. त्यांच्यात कातकरी होते, कोळी होते, आगरी होते. एकाच देशातली, एकाच वर्षातली ही दोन टोकं. होमी या सगळ्यापासून फार लांब होता. नुसता समुद्रापलीकडे होता म्हणून नाही. त्याचं जगच वेगळं होतं.

त्या जगात तो चमकला. १९३२ हे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचं सोनेरी वर्ष. चॅडविकने न्यूट्रॉन शोधला, कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी अणूचा गाभा फोडून दाखवला. या वातावरणात होमीने डॉक्टरेट केली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल, याचं गणित त्याने मांडलं. त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात आणि कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रांमध्ये टकरींचं प्रमाण मोजायला ते अजूनही वापरतात. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलरसोबत त्याने वैश्विक किरणांबद्दल एक कोडं सोडवलं. अंतराळातून एकच कण येतो आणि जमिनीपर्यंत पोचताना कणांची सर का कोसळते? तर एका कणातून दोन, दोनातून चार, अशी साखळी लागते म्हणून.

रिटर्न तिकीट वापरलंच नाही

१९३९ च्या उन्हाळ्यात होमी सुट्टीसाठी घरी आला. सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जायचा रस्ता बंद झाला.

कोविडमध्ये घरी अडकलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. करिअर ऐन रंगात आलेलं, सगळे मित्र, सगळ्या चर्चा तिकडे, आणि आपण इकडे. होमीने बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम धरलं. भौतिकशास्त्र विभागात तेव्हा सर सी. व्ही. रामन होते. टाटांच्या ट्रस्टने मदत दिली आणि वैश्विक किरणांचा एक छोटा विभाग उभा राहिला. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, होमी रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

आणि या अडकलेल्या वर्षांत काहीतरी बदललं. आधी वाटायचं, युद्ध संपलं की परत जायचं. हळूहळू मत फिरलं. १२ मार्च १९४४ ला भाभांनी (आता त्यांना अहो-जाहो करायला हवं) दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मागणी अशी, की मूलभूत भौतिकशास्त्रासाठी देशात एक जोमदार संस्था हवी. कारण असं, की पुढे काही दशकांनी अणूपासून वीज बनायला लागेल तेव्हा तज्ज्ञ शोधायला भारताला परदेशात जावं लागू नये, ते घरातच तयार असावेत. तारीख पुन्हा बघा. हिरोशिमाच्या जवळपास दीड वर्ष आधीचं हे पत्र आहे. देश स्वतंत्र व्हायला तीन वर्षं बाकी आहेत.

युद्ध संपलं, रस्ते उघडले. केंब्रिजला परत जाणं त्यांना सहज शक्य होतं. ते गेले नाहीत. अडकणं नशिबाने झालं होतं, राहणं त्यांनी ठरवून केलं.

८० हजार रुपये आणि अर्धा बंगला

१ जून १९४५ ला टीआयएफआर बंगळूरमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत आली. पहिल्या वर्षाचं बजेट ८० हजार रुपये. त्यातले ४५ हजार टाटा ट्रस्टचे, २५ हजार मुंबई सरकारचे, १० हजार दिल्लीचे. जागा कुठली? पेडर रोडवरचा केनिलवर्थ नावाचा बंगला, तोही अर्धाच. भाभांचा जन्म याच बंगल्यातला. १९४९ मध्ये संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली.

याच काळात भाभांचं दुसरं काम सुरू झालं, जे आपण सगळे पाठ्यपुस्तकात वाचतो. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, भाभा अध्यक्ष. मग ट्रॉम्बे. ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. उरण-पनवेलच्या पोरांनो, हे तुमच्या अगदी समोर आहे बरं का. अटल सेतूवरून शिवडीला जाताना एका टप्प्यावर कडेला उंच पत्रे येतात आणि खाडीचा व्ह्यू बंद होतो. सेल्फी काढायला घेतलेला मोबाइल लोक वैतागून खाली ठेवतात. ते पत्रे ट्रॉम्बेसाठी आहेत. त्यांच्या पलीकडे भाभांनी उभं केलेलं अणुकेंद्र आहे.

पण माझ्या मते भाभांचा खरा स्वभाव ट्रॉम्बेपेक्षा कुलाब्यात दिसतो. टीआयएफआरच्या कायमच्या इमारतीत ते प्रत्येक गोष्टीत लक्ष घालायचे. आर्किटेक्ट अमेरिकेतून आणला, हेल्मुट बार्त्श. बाग कशी, झाडं कुठे, भिंतीचा रंग कोणता, खिडकीतून समुद्र किती दिसला पाहिजे, सगळं स्वतः बघितलं. ते स्वतः चित्रं काढायचे. प्रवेशद्वारापाशी एक अख्खी भिंत एम. एफ. हुसेन यांच्या म्युरलने भरली आहे. सरकारी पैशातून प्रयोगशाळा बांधताना चित्रं कशाला, असं कुणालाही वाटेल. भाभांना वाटत नव्हतं. माणूस जिथे आयुष्य घालवून विचार करणार, ती जागा सुंदर असावी हे त्यांच्या दृष्टीने कामाचाच भाग होतं.

माणसं निवडायची पद्धतही वेगळी होती. आपल्याकडे आधी पद तयार होतं, जाहिरात निघते, मग माणूस शोधतात. भाभा उलटं करायचे. आधी उत्तम माणूस शोधा, मग त्याच्याभोवती विभाग उभा राहू द्या. त्याचा विषय आपल्या यादीत नसला तरी चालेल.

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून कळवलं, की आम्हाला परत येऊन काम करायचंय. टीआयएफआरमध्ये तेव्हा रेडिओ खगोलशास्त्र नव्हतंच. तरी भाभांनी जानेवारी १९६२ मध्ये तार करून होकार दिला. त्या चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये आले. पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली आपल्या कल्याणला. पुढे नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या, तो जीएमआरटी. कॉलेजची ट्रिप गेली असेल तर पाहिला असेल.

तेच वर्ष, दुसरं गाव

१९६२ हे साल पक्कं लक्षात ठेवा. जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी, भाभांच्या जुन्या केंब्रिजमध्ये, ब्रायन जोसेफसन नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने एक छोटासा पेपर पाठवला. दोन अतिवाहकांमधल्या भिंतीतून इलेक्ट्रॉनच्या जोड्या आरपार जातील, आणि व्होल्टेज दिलं तर प्रवाह झुलेल, असं त्याचं गणित सांगत होतं. वय २२. माझ्याएवढा! अतिवाहकतेचं कोडं सोडवणाऱ्यांपैकी एक, जॉन बार्डीन, यांना ते पटलं नाही आणि त्यांनी तसं जाहीरपणे मांडलं. पुढच्याच वर्षी प्रयोगांनी पोराची बाजू घेतली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या केंब्रिजमध्ये सिडनी शपिरो यांनी अशा जंक्शनवर मायक्रोवेव्ह सोडल्या आणि व्होल्टेजच्या त्या पायऱ्या समोर दिसल्या. आज त्यांना शपिरो स्टेप्स म्हणतात. जोसेफसनला १९७३ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे कुलाब्यात घराची वास्तुशांत झाली, आणि ज्या प्रश्नाला पुढे त्या घरात खोली मिळणार होती, तो प्रश्न त्याच वर्षी हजारो मैलांवर जन्माला आला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

पण पूर्वतयारी चालली होती. टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्याबरोबर एका तरुण टीमने कॉम्प्युटर बनवायला घेतला होता. त्यांच्यातल्या बहुतेकांनी तोवर कॉम्प्युटर वापरलासुद्धा नव्हता. १९६० मध्ये तो चालू झाला. नाव टिफ्रॅक. मेमरी किती? २०४८ शब्द. तुमच्या एका व्हॉट्सॲप फोटोत याच्या कैक पट माहिती असते. पण तो आपल्या माणसांनी, आपल्या हातांनी जोडला होता. वैश्विक किरण मोजायलाही काउंटर आणि सर्किट लागायची आणि ती बाजारात मिळत नव्हती, म्हणून भाभांच्या संस्थेत सुरुवातीपासून इलेक्ट्रॉनिक्स घरीच बनवायची सवय लागली. १९६३ मध्ये देशातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा आराखडा करायला समिती नेमली गेली, तिचेही अध्यक्ष भाभाच. १९७७ मध्ये टीआयएफआरमध्ये मायक्रोवेव्ह उपकरणांसाठी एक खास विभाग निघाला आणि त्यातूनच पुढे समीर ही संस्था झाली. तिचं एक केंद्र पनवेलच्या शेजारी खारघरला आहे. लोकलमधून जाता-येता बोर्ड कधी वाचला नसेल, आता वाचा.

समितीचा अहवाल बाहेर आला तेव्हा भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ ला ते व्हिएन्नाला एका बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरायच्या आधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सगळे, ११७ जण, गेले. भाभांचं वय ५६. इंटरनेटवर या अपघातामागे कोण होतं याचे ढिगाने व्हिडिओ आहेत. चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा आणि म्हणून जास्त चटका लावणारा होता. विमान पर्वताच्या नेमकं कुठे आहे याबद्दल पायलट आणि जमिनीवरचा नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला होता.

आपल्या घरी टाटा नाहीत, मग?

आता तो हिशेब. भाभांच्या गोष्टीवर एक आक्षेप तुमच्या मनात येत असेल, आणि तो बरोबर आहे. आत्या टाटांच्या घरात, वडील बॅरिस्टर, पहिली प्रयोगशाळा ज्या बंगल्यात आपण जन्मलो त्याच बंगल्यात. अशा माणसाने आवडीचा मागोवा घ्या म्हणणं सोपं आहे. उरणहून पहाटे एसटी पकडून कॉलेजला येणाऱ्या, संध्याकाळी गोदामात शिफ्ट करणाऱ्या पोराला कुणी असा सौदा देत नाही.

दुसरा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला होता. मेघनाद साहांसारखा मोठा शास्त्रज्ञ विचारत होता, की सगळा पैसा आणि सगळी हुशार माणसं मोजक्या राष्ट्रीय संस्थांत नेली तर विद्यापीठांचं काय होणार? आज तुमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधला ऑसिलोस्कोप बंद असेल आणि कुलाब्यात चिपवर क्यूबिट चालत असतील, तर साहांचा प्रश्न अजून संपलेला नाही. भाभा मोठे होते म्हणून हा प्रश्न लहान होत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहायला हवी. भाभांना जे आयतं मिळालं, ते त्यांनी स्वतःपाशी ठेवलं नाही. स्वतःच्या विषयापुरती, स्वतःच्या शिष्यांपुरती संस्था काढली असती तर ती वैश्विक किरणांबरोबर म्हातारी झाली असती. त्यांनी असं घर बांधलं जिथे उद्या कोण येईल, काय विचारेल हे त्यांना माहीत नव्हतं. आणि तरी त्याच्यासाठी जागा, पैसा आणि समुद्राची खिडकी ठेवली. म्हणूनच प्रा. आर. विजयराघवन यांच्या गटाला ॲल्युमिनियमच्या जंक्शनवर मायक्रोवेव्ह सोडायच्या होत्या तेव्हा त्यांना पहिल्या विटेपासून सुरुवात करावी लागली नाही. घर तयार होतं.

२०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं, ते अशाच जंक्शनवरच्या १९८४-८५ च्या प्रयोगांसाठी. त्यांनी मायक्रोवेव्ह सोडूनच दाखवलं होतं, की हातात धरता येईल एवढ्या सर्किटलाही अणूसारख्या ऊर्जेच्या पातळ्या असतात. तेव्हा क्वांटम कॉम्प्युटर विकायला कुणी बसलं नव्हतं. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. चाळीस वर्षांनी त्यावर कंपन्या उभ्या आहेत.

सहा क्यूबिट म्हणजे जगाच्या शर्यतीत फार नाहीत, हे खरं आहे. टिफ्रॅकही जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर नव्हता.

आता तुमच्यासाठी कामाचं. टीआयएफआरमध्ये दर उन्हाळ्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी व्हीएसआरपी नावाचा कार्यक्रम असतो. निवड झाली तर काही आठवडे खऱ्या लॅबमध्ये, खऱ्या संशोधकांबरोबर काम करायला मिळतं. पीएचडीला प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, आणि निवड झालेल्यांना दर महिन्याला फेलोशिप मिळते. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ऑलिम्पियाडवाल्यांना ते माहीत असेलच. या कुठल्याही फॉर्मवर तुमची आत्या कोण, असा कॉलम नाही.

वडिलांना पत्र मात्र तुम्हालाच लिहावं लागेल. आणि बहुधा होमीसारखंच, हातात आहे ती परीक्षा आधी नीट पास होऊन.